समजून घ्या : पहिली खेळी कुठे करावी? ‘हेक्स’चे उत्तर गुलमंडीच्या चौकातून

गुलमंडीच्या चौकात संध्याकाळी पाच मिनिटे उभे राहा. पैठण गेटकडून टिळक पथाने आलेली गर्दी सिटी चौकाकडे निघालेली असते आणि आडव्या गल्ल्यांतून आलेली गर्दी तिला छेदू पाहत असते. दोघींना एकाच वेळी सरळ जाता येत नाही. ज्याने आधी चाक पुढे घातले तो निघून जातो, दुसरा हॉर्न वाजवत थांबतो.

नेमक्या याच पेचावर बेतलेला एक बैठा खेळ जगभरातल्या गणितज्ञांना गेली ८० वर्षे खिळवून ठेवत आहे. त्याचे नाव ‘हेक्स’. नियम चार ओळींत संपतात. या खेळात पहिली चाल करणाऱ्याला हमखास जिंकता येते, हे सिद्ध झाले आहे. पण मोठ्या पटावर त्या विजयापर्यंत नेणारी पूर्ण वाट कुणालाही सांगता आलेली नाही. तरीही हा खेळ दोघांना बरोबरीच्या नात्याने खेळता येतो आणि त्यासाठी एक छोटासा नियम पुरतो. तो नियम घरातल्या आंब्याच्या फोडीपासून समुद्राच्या तळाच्या वाटणीपर्यंत उपयोगी पडला आहे. काय आहे हे गणित?

हेक्स कसा खेळतात?

पट मधमाश्यांच्या पोळ्यासारखा, षटकोनी घरांचा असतो. पदपथावरचे सहा कोनांचे पेव्हर ब्लॉक डोळ्यांपुढे आणा. एका ओळीत ११ घरे, अशा ११ ओळी, आणि प्रत्येक ओळ वरच्या ओळीपेक्षा अर्धे घर उजवीकडे सरकलेली. एकूण घरे १२१. सगळा पट तिरका, पतंगीसारखा दिसतो. त्याचे दोन कोपरे टोकदार, म्हणजे लघुकोनाचे असतात आणि दोन पसरट, म्हणजे विशालकोनाचे.

आता जुन्या शहराचा नकाशा या पटावर ठेवू. तटबंदीच्या चार मुख्य दरवाजांपैकी उत्तरेला दिल्ली दरवाजा, दक्षिणेला पैठण दरवाजा, पूर्वेला जालना दरवाजा आणि पश्चिमेला मक्का दरवाजा. पटाची वरची कड म्हणजे दिल्ली दरवाजा, खालची कड म्हणजे पैठण दरवाजा. लाल सोंगट्यांच्या खेळाडूने या दोन कडा जोडायच्या. निळ्याने डावी आणि उजवी कड, म्हणजे मक्का दरवाजा ते जालना दरवाजा असा रस्ता करायचा.

दोघांनी आळीपाळीने एकेक सोंगटी कोणत्याही रिकाम्या घरात ठेवायची. ठेवलेली सोंगटी हलत नाही, मारली जात नाही, उचलली जात नाही. ज्याच्या रंगाची सलग साखळी त्याच्या दोन कडांना आधी जोडेल तो जिंकला. फासे नाहीत, पत्ते नाहीत, नशिबाचा भाग नाही. सगळे दोघांच्या डोळ्यांसमोर.

बरोबरी का होत नाही?

बुद्धिबळात डाव बरोबरीत सुटतो. फुली-गोळा तर नीट खेळला की बरोबरीतच सुटतो. हेक्समध्ये बरोबरी होऊच शकत नाही. त्याचे कारण चौक आणि तिठा यांतल्या फरकात आहे.

चौकटीच्या वहीवर हाच खेळ खेळून पाहा. चार चौकोन जिथे एका बिंदूत भेटतात तिथे दोन समोरासमोरच्या चौकोनांत लाल आणि उरलेल्या दोनांत निळे आले, की कोंडी होते. लाल लालला फक्त टोकाने शिवतो, निळाही निळ्याला टोकानेच शिवतो. वाट कुणाची, हे ठरत नाही. हा झाला चौक.

षटकोनांच्या पटावर कोणत्याही बिंदूपाशी तीनच घरे भेटतात. तो तिठा असतो. तीन घरे आणि दोन रंग म्हटल्यावर निदान दोन घरे एकाच रंगाची निघणार, आणि ती एकमेकांना पूर्ण बाजूने चिकटलेली असणार. म्हणजे कोंडी व्हायला जागाच नाही. सगळा पट भरला आणि लाल उजव्या हाताला, निळा डाव्या हाताला ठेवत दोन रंगांच्या सीमेवरून कोपऱ्यापासून चालत निघाले, तर वाट कुठेही फुटत नाही आणि मध्येच संपतही नाही. ती पटाच्या दुसऱ्या कोपऱ्यावरच बाहेर पडते. त्या वाटेच्या एका हाताला विजयी साखळी असते.

दोघेही जिंकले, असेही होत नाही. उत्तर-दक्षिण रस्ता पूर्ण झाला की पूर्व-पश्चिम रस्ता त्याला छेदल्याशिवाय जाऊ शकत नाही, आणि पटावर जालना रस्त्यासारखे उड्डाणपूल नसतात. म्हणून कुणीतरी एक जिंकतो आणि एकच जिंकतो. याचा आणखी एक अर्थ असा, की समोरच्याला अडवणे आणि स्वतःचा रस्ता जोडणे ही या खेळात दोन वेगळी कामे नाहीत. ते एकच काम आहे.

हा खेळ कुणी शोधला?

डेन्मार्कचे पीट हाइन हे गणितात रमणारे कवी आणि रचनाकार. त्यांचा देश जर्मनीच्या ताब्यात असताना, २६ डिसेंबर १९४२ रोजी ‘पोलिटिकेन’ या दैनिकात त्यांनी हा खेळ ‘पॉलिगॉन’ या नावाने वाचकांपुढे मांडला. पटासाठी काही लागत नव्हते. छापील कागद आणि पेन्सिल पुरत होती. म्हणजे हा खेळ जगापुढे आला तोच वर्तमानपत्राच्या पानातून.

पुढे १९४८-४९ च्या सुमारास अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठात जॉन नॅश या तरुण विद्यार्थ्याने तोच खेळ स्वतंत्रपणे शोधला. ‘अ ब्यूटिफुल माइंड’ हा चित्रपट ज्यांच्यावर निघाला आणि ज्यांना १९९४ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले, तेच हे नॅश. गणित विभागाच्या बैठकीच्या खोलीत हा खेळ इतका रंगे की मुले त्याला ‘नॅश’च म्हणत. १९५२ मध्ये पार्कर ब्रदर्स या कंपनीने तो ‘हेक्स’ नावाने बाजारात आणला. १९५७ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या सदरात त्यावर लिहिले आणि तो जगभर पोहोचला.

पहिला खेळाडूच जिंकतो, हे कशावरून?

नॅश यांनी दिलेला पुरावा बीजगणिताशिवाय, बोलता बोलता समजतो.

समजा, दुसऱ्या खेळाडूकडे हमखास जिंकण्याची काही युक्ती आहे. मग पहिल्याने एवढेच करावे : पहिली सोंगटी कुठेही ठेवून द्यावी, ती नाहीच असे मानावे आणि स्वतःला ‘दुसरा’ समजून तीच युक्ती वापरायला लागावे. युक्तीने एखाद्या वेळी नेमके त्या आधीच्या सोंगटीचेच घर सांगितले, तर तिथे ती आहेच. मग आणखी कुठेही एक ठेवावी. हेक्समध्ये आपली जादा सोंगटी आपल्याला कधीच नडत नाही, फार तर निरुपयोगी ठरते. म्हणजे पहिलाही हमखास जिंकणार. पण दोघे जिंकू शकत नाहीत. याचा अर्थ, दुसऱ्याकडे अशी युक्ती आहे हे आपले गृहीतकच चुकीचे. आणि बरोबरी होत नसल्याने युक्ती कुणाकडे तरी असलीच पाहिजे. ती पहिल्याकडेच आहे.

गंमत अशी, की हा पुरावा विजय कुणाचा ते सांगतो, पण तो मिळवायचा कसा हे सांगत नाही. वाड्यात धन पुरले आहे हे कागदोपत्री सिद्ध झाले, पण कोणत्या खोलीत ते कागदात नाही, असा हा प्रकार.

मग पहिली खेळी कुठे?

इथे लहान पटापासून सुरुवात करणे बरे. दोन बाय दोनचा, चार घरांचा पट काढा. वरच्या ओळीत ‘अ’ आणि ‘आ’. खालची ओळ अर्धे घर उजवीकडे. तिच्यात ‘क’ आणि ‘ख’. ‘क’ हा ‘अ’ आणि ‘आ’ दोघांनाही चिकटलेला आहे. ‘ख’ मात्र वरच्या ओळीत फक्त ‘आ’ला चिकटलेला आहे. लालला वरून खाली जायचे आहे.

लालने ‘आ’ घेतला, तर खाली ‘क’ आणि ‘ख’ अशा दोन वाटा मोकळ्या. निळ्याने एक बुजवली की लाल दुसरी घेतो. लाल जिंकला. आता लालने ‘अ’ घेतला असे समजा. त्याला खाली एकच वाट, ‘क’. निळा लगेच ‘क’ घेतो. आता निळ्याला उजव्या कडेपर्यंत जायला ‘आ’ आणि ‘ख’ अशी दोन घरे आहेत. लाल एकच बुजवू शकतो. निळा जिंकला.

चार घरांच्या पटावरच पहिल्या खेळीचे शास्त्र दिसते. ‘आ’ आणि ‘क’ ही पसरट कोपऱ्यांतली घरे जिंकून देतात. ‘अ’ आणि ‘ख’ ही टोकदार कोपऱ्यांतली घरे हरवतात. लघुकोनाच्या टोकावरची सलामी दोन बाय दोनपासून पुढच्या कोणत्याही आकाराच्या पटावर हरतेच, हे अनातोल बेक या गणितज्ञाने सिद्ध केले. कारण साधे आहे. पटाच्या आतल्या घराला सहा शेजारी असतात, कडेच्या घराला चार, टोकदार कोपऱ्यातल्या घराला फक्त दोन. गल्लीच्या बंद टोकाला दुकान टाकल्यासारखे.

तीन बाय तीनच्या पटावर मधले घर घ्या. वर त्याला चिकटून दोन घरे, खाली दोन घरे. वरची एक वाट निळ्याने अडवली तर दुसरी आहे, खालीही तसेच. निळा काहीही करो, डाव संपल्यातच जमा. या ‘दोन वाटा मोकळ्या’ रचनेला खेळाडू ‘पूल’ म्हणतात. दोन सोंगट्या एकमेकींना शिवत नाहीत, पण त्यांच्यामध्ये दोन रिकामी घरे अशी आहेत, की समोरच्याने एक घेतले तर आपण दुसरे घ्यायचे. पूल बांधला की दोन सोंगट्या जोडल्यातच जमा धरून चालता येते. एक एक घर चिकटून जाण्यापेक्षा पुलांनी उडी घेत जाणे म्हणूनच वेगवान असते. दुसऱ्या ओळीतली सोंगटी तर अशा दोन वाटांमुळे कडेला पोहोचलेलीच समजतात. आजूबाजूला पुरेशी मोकळी जागा असेल तर तिसऱ्या आणि चौथ्या ओळीतूनही कड गाठता येते.

म्हणून मोठ्या पटावर पहिल्या खेळीला पटाचा मध्य आणि दोन पसरट कोपऱ्यांना जोडणारा छोटा कर्ण ही ताकदीची जागा मानली जाते. तिथली सोंगटी दोन्ही कडांकडे सारखे हात पसरते आणि समोरच्याच्या मुख्य रस्त्यावरही उभी असते. उलट कडेच्या एक-दोन ओळींतल्या बहुतेक सलामी दुबळ्या.

संगणकाला कुठवर जमले?

मनुष्याचा अंदाज ‘मध्य ताकदीचा’ इथवर जातो. सिद्ध करायचे तर प्रत्येक उत्तराला प्रत्युत्तर द्यावे लागते. २००१ मध्ये कॅनडातल्या जिंग यांग यांनी सात बाय सातच्या पटावर मध्यातून सुरू होणारी विजयाची संपूर्ण वाट हाताने मांडून दाखवली. पुढच्या दोन वर्षांत त्यांनी आठ आणि नऊच्या पटांवरही एकेक विजयी सलामी सिद्ध केली. त्यानंतर अल्बर्टा विद्यापीठातल्या रायन हेवर्ड यांच्या गटाने संगणकाच्या मदतीने सगळ्या सलामी तपासायला घेतल्या : २००३ मध्ये सात बाय सातच्या ४९, २००९ मध्ये आठ बाय आठच्या ६४ आणि २०१३ मध्ये नऊ बाय नऊच्या ८१. प्रत्येक घरासाठी ‘इथून पहिला जिंकतो’ किंवा ‘इथून हरतो’ असा पक्का निकाल मिळाला. दहा बाय दहावर मात्र मोजक्याच सलामी सुटल्या.

एका ओळीने पट वाढला की गुंता किती वाढतो, ते आकड्यात पाहा. अकरा बाय अकराच्या पटावर प्रत्येक घर रिकामे, लाल किंवा निळे, अशा तीनच अवस्था धरून नुसता गुणाकार केला तर येणारी संख्या ५८ अंकी आहे. पट मोठा होत जाईल तसा हा प्रश्न कोणत्याही ठरावीक सोप्या रीतीने सुटण्याची आशा नाही, अशा अर्थाचा निष्कर्ष जर्मन गणितज्ञ श्टेफान राइश यांनी १९८१ मध्येच काढून ठेवला होता. संगणक आज उत्तम खेळतात, पण उत्तम खेळणे वेगळे आणि सगळी उत्तरे माहीत असणे वेगळे.

संगणकाच्या आधीची एक गोष्ट इथे सांगण्यासारखी आहे. माहितीशास्त्राचे जनक क्लॉड शॅनन यांनी १९५० च्या सुमारास विजेच्या तारा आणि रोधकांचे जाळे करून हेक्स खेळणारे यंत्र बनवले. वीज जशी कमी अडथळ्याची वाट शोधते, तसे ते यंत्र पुढचे घर शोधे. त्यांनी दुसरेही एक यंत्र केले. ते नेहमी दुसरी चाल घेई आणि तरी दर वेळी जिंके. बघणारे चक्रावत. खुबी अशी, की पट बरोबरीचा दिसे, पण यंत्राला जोडायच्या दोन कडांमधले अंतर एका ओळीने कमी होते. असा पट असला की जवळच्या कडा जोडणारा दुसरा आला तरी ठरावीक रीतीने जिंकतो. पहिल्या खेळीचा वाद घालण्याआधी पट बरोबर आहे ना, हे मोजून घ्यावे, हा त्यातला धडा.

अदलाबदलीचा नियम काय आहे?

पहिल्याने सरळ मध्य घेतला आणि दोघे सारख्या तयारीचे असले, तर दुसऱ्याने खेळायचे कशाला? नाणेफेक करून पहिला कोण ते ठरवता येईल. पण त्याने अन्याय दूर होत नाही, तो कुणाच्या वाट्याला यायचा एवढेच नशिबावर सोडले जाते. रात्रीच्या क्रिकेट सामन्यात दव पडते तेव्हा नाणेफेक हरलेल्या कर्णधाराचा चेहरा आठवा.

हेक्स खेळणाऱ्यांनी वेगळी तोड काढली. पहिल्याने पहिली लाल सोंगटी ठेवायची. मग दुसऱ्याने ठरवायचे : निळी सोंगटी ठेवून पुढे खेळायचे, की ‘बदल’ म्हणून लाल बाजूच घ्यायची. ‘बदल’ म्हटले तर ठेवलेली सोंगटी आणि दिल्ली-पैठण दरवाजांची बाजू दुसऱ्याची होते. पहिला निळा होतो आणि पुढची चाल त्याची. हा हक्क एकदाच, फक्त पहिल्या खेळीनंतर.

या एका नियमाने पहिल्या खेळीचा अर्थ उलटा होतो. आता मध्य घेणे मूर्खपणा. समोरचा लगेच ‘बदल’ म्हणेल. टोकदार कोपरा घेणेही मूर्खपणा. समोरचा हसून तुम्हाला तिथेच ठेवेल. पहिल्याला सर्वांत चांगली नव्हे, सर्वांत समसमान खेळी शोधावी लागते. अशी खेळी, की समोरच्याने कोणतीही बाजू उचलली तरी उरलेल्या बाजूने खेळायला आपली हरकत नसेल. अशी घरे बहुधा कडेच्या आसपास सापडतात : अगदी निरुपयोगी नव्हेत आणि निर्णायकही नव्हेत अशी.

तत्त्वतः पाहिले तर या नियमामुळे हमखास विजय दुसऱ्याकडे जातो, कारण प्रत्येक सलामी एक तर जिंकणारी असते किंवा हरणारी, आणि दुसऱ्याला बाजू निवडता येते. दोन बाय दोनवर दुसरा कधी चुकणारच नाही. पण अकरा बाय अकरावर सीमेवरच्या घराचा निकाल नजरेने सांगणे कुणालाही कठीण. त्या न कळण्यातच खेळाची बरोबरी टिकून आहे.

दुसऱ्या खेळाडूने काय करावे?

पहिला निर्णय अदलाबदलीचा. साधा ठोकताळा असा : सोंगटी तिसऱ्या ओळीच्या आत, मध्याकडे किंवा छोट्या कर्णावर असेल तर बाजू बदलून घ्यावी. अगदी कडेला किंवा टोकदार कोपऱ्याजवळ असेल तर तिला तिथेच राहू द्यावे आणि आपण मध्य घ्यावा.

दुसरे, अडवताना नाकासमोर अडवू नये. नवा खेळाडू समोरच्याच्या सोंगटीला चिकटून आपली सोंगटी ठेवतो आणि समोरचा बाजूच्या घरातून निसटतो. मिरवणूक गुलमंडीवर पोहोचल्यावर रस्ता बंद करून उपयोग नसतो; वाहतूक दोन चौक आधीच वळवावी लागते. हेक्समध्येही अडथळा लांबून घालतात, म्हणजे समोरचा ज्या बाजूने वळेल त्या बाजूला पूल बांधायला आपल्याला वेळ मिळतो.

तिसरे, एकाच वेळी दोन कामे करणारे घर शोधावे : आपला रस्ता पुढे नेणारे आणि त्याच वेळी समोरच्याचा तोडणारे. अडवणे आणि जोडणे एकच, हे आधी म्हटले ते इथे कामी येते.

या नियमाचा घरच्या वाटणीशी काय संबंध?

अनेक घरांत आईने हा नियम कधीच लावलेला असतो. आंबा एकच आणि भाऊ दोन, तर एकाने कापायचा आणि दुसऱ्याने आधी उचलायचे. कापणाऱ्याचा हात आपोआप बरोबर मध्यावर येतो, कारण मोठी फोड आपल्याला मिळणार नाही हे त्याला ठाऊक असते. पंच लागत नाही, तराजू लागत नाही, एकाने दुसऱ्यावर विश्वास ठेवायचीही गरज नाही. शेतीच्या वाटणीतही ‘एकाने वाटे पाडायचे, दुसऱ्याने उचलायचे’ हा तोडगा त्याच जातीचा.

हाच तोडगा देशादेशांतल्या व्यवहारातही आला. खोल समुद्राच्या तळाशी मँगनीज, निकेल, तांबे, कोबाल्ट असलेले बटाट्याएवढे गोळे पडलेले असतात. ज्या देशाकडे जहाजे आणि तंत्र आधी, तो चांगला पट्टा आधी बळकावणार, म्हणजे पहिल्या खेळीचाच फायदा. १९८२ च्या संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायद्याच्या करारात त्यावर अट आली : अर्ज करणाऱ्याने शोधलेल्या क्षेत्राचे अंदाजे सारख्या किमतीचे दोन भाग करायचे. त्यातला कोणता भाग राखून ठेवायचा ते आंतरराष्ट्रीय प्राधिकरण ठरवणार, आणि राखीव भाग विकसनशील देशांच्या उपयोगासाठी. चांगले-वाईट असे दोन भाग केले तर चांगला हातचा जाणार, म्हणून अर्जदाराला प्रामाणिक वाटणी करणे भाग पडते.

या गोष्टीत आपल्या शेजारच्या गोव्याचाही वाटा आहे. दोनापावला इथल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी १९८१ मध्ये ‘गवेषणी’ या जहाजावरून असे गोळे वर काढले. १९८७ मध्ये ‘अग्रणी गुंतवणूकदार’ म्हणून नोंद मिळालेला भारत हा जगातला पहिला देश ठरला. दोन समान भागांची अट त्या वेळच्या अर्जांनाही होती. मध्य हिंदी महासागरात भारताला दीड लाख चौरस किलोमीटरचे क्षेत्र मिळाले. पुढे ठरल्याप्रमाणे त्यातले अर्धे सोडून ७५ हजार चौरस किलोमीटर राखले गेले.

या नियमाला मर्यादा नाहीत का?

आहेत. वाटे पाडणाऱ्याला जमिनीची जास्त माहिती असेल, तर नियम फसतो. कोणत्या तुकड्यात विहिरीला पाणी टिकते हे फक्त थोरल्याला ठाऊक असेल, तर तो कागदावर समान आणि प्रत्यक्षात असमान असे वाटे पाडू शकतो, आणि शहरात राहणारा धाकटा रस्त्याकडचा तुकडा बघून भुलू शकतो. मराठवाड्यात हा फरक किती मोठा, ते वेगळे सांगायला नको. हेक्समध्येही तसेच घडते. एखादा खेळाडू एकच विचित्र सलामी घेऊन महिनोन्‌महिने अभ्यास करतो. समोरच्याला ती समसमान वाटते, पण दोन्ही बाजूंनी पुढे काय करायचे हे याला ठाऊक असते. अदलाबदलीचा नियम संधी समान करतो. माहिती समान करत नाही. म्हणून वाटणीत निवडणाऱ्याने आधी शिवारात फिरून यावे, हे बरे.

याचे गणितात एवढे महत्त्व का?

१९७९ मध्ये डेव्हिड गेल यांनी दाखवले, की ‘हेक्समध्ये कुणीतरी जिंकतोच’ हे साधे विधान आणि ब्राउवर यांचे प्रसिद्ध स्थिरबिंदूचे प्रमेय एकमेकांतून निघतात. त्या प्रमेयाचा एक मजेदार अर्थ असा : शहराचा नकाशा गुलमंडीत जमिनीवर पसरा, हवा तर न फाडता चुरगाळून टाका, त्यावरचा निदान एक बिंदू बरोबर त्याच जागेच्या वर असतो, जी जागा तो दाखवतो. नॅश यांनी नोबेल मिळवून देणाऱ्या ‘समतोला’च्या सिद्धांतासाठी याच जातीची प्रमेये वापरली. ज्या स्थितीत कुणालाही एकट्याने चाल बदलून फायदा होत नाही, तो हा समतोल. आज लिलावांपासून बाजारातल्या स्पर्धेपर्यंत तो अभ्यासला जातो. विद्यार्थिदशेतल्या खेळाचे आणि नोबेलच्या कामाचे मूळ असे एकाच मातीत निघाले.

घरी सुरुवात कशी करावी?

कागदावर मुलांसाठी पाच बाय पाचचा पट काढा, म्हणजे २५ घरे. षटकोन काढायचा कंटाळा असेल तर गोल काढले तरी चालतात. फक्त प्रत्येक ओळ अर्धे घर सरकवायला विसरू नका. लाल आणि निळ्या पेनने घरे भरायची, सोंगट्यांची गरज नाही. पहिले काही डाव अदलाबदलीशिवाय खेळा. पहिला बहुतेक वेळा जिंकतो आहे आणि त्यावरून कुरबुर सुरू झाली आहे, हे मुलांच्याच लक्षात येईल. मग ‘बदल’चा नियम सांगा आणि पट सात बाय सातचा करा. पहिल्या खेळीसाठी पेन हातात घेतलेले मूल मध्यावरून हात मागे घेऊन कडेकडे बघायला लागले, की नियम त्याला समजला.